पाणकाठावरची पहाट : महाड-पोलादपूर परिसरातील पक्षिनिरीक्षणाचा पूर्वेतिहास

फाल्गुनाच्या उत्तरार्धात किंवा चैत्राच्या आरंभी दहा-पंधरा माणसांनी सूर्योदयापूर्वी एकत्र निघावे, एखाद्या तळ्याच्या काठाने सावकाश चालत दुर्बिणीतून पाणपक्षी न्याहाळावेत, त्यांची ओळख पटवून नोंद करावी आणि ऊन तापण्याच्या आत परतावे, या प्रघाताला आज पक्षिनिरीक्षण फेरी असे म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रघात मुख्यतः शहरी छंद म्हणून ओळखला जातो आणि त्याचा उगम इंग्रजी अमदानीतील हौशी निसर्गाभ्यासकांमध्ये शोधला जातो. दक्षिण रायगडातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांकडे पाहिले तर ही समजूत अपुरी ठरते. पक्षी कोणी, कोणत्या हेतूने आणि कशा रीतीने पाहिले हा या इतिहासातील एक प्रश्न आहे; पाण्याच्या काठावर उभे राहण्याची मुभा कोणाला होती हा दुसरा आहे, आणि महाडपुरते बोलायचे झाल्यास दुसऱ्या प्रश्नाला बगल देऊन पहिल्याचे उत्तर लिहिता येत नाही.

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरजवळ कोकणात उतरते, महाडजवळ तिला गांधारी येऊन मिळते, दासगावच्या बाजूला काळ नदी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीवाटे हे सर्व पाणी अरबी समुद्रात जाते. भरतीचे पाणी खाडीतून आत चढत असल्यामुळे महाड हे समुद्रापासून दूर असूनही पूर्वी बंदर होते, आणि मोठी गलबते दासगावपर्यंत येत असत. परिणामी एका दिवसाच्या चालीच्या अंतरात घाटातले थंड ओढे, नदीतले खोल डोह, गावातली बांधीव तळी, भातखाचरे आणि खाडीचा उघडा चिखल असे पाण्याचे पाच निरनिराळे प्रकार येथे आढळतात, आणि प्रत्येकाचे पक्षी वेगळे असतात.

वसंताचा काळ या पाहणीस विशेष सोयीचा का, याचे कारण पाण्याच्या आटण्यात आहे. भात कापून झालेले असते, खाचरे कोरडी पडलेली असतात, लहान ओहोळ आटतात आणि उरलेले पाणी मोजक्या तळ्यांत आणि डोहांत साठून राहते. त्यामुळे पावसाळ्यात साऱ्या मुलुखावर विखुरलेले पाणपक्षी या थोड्या जागांभोवती गोळा होतात. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले धोबी आणि तुतारी हे पक्षी अजून परतलेले नसतात, आणि त्याच सुमारास तांबट, कुटुर्गा, कोकीळ हे स्थानिक पक्षी विणीच्या हंगामातील साद घालू लागतात. काठावरच्या सावरीला, पांगाऱ्याला आणि पळसाला फुले आलेली असतात आणि त्यांतील मधासाठी कोतवाल, बुलबुल, भोरड्या यांची गर्दी उडते. पाहुणे आणि घरचे असे दोन्ही समूह एकाच सकाळी नजरेस पडण्याचा हा अवधी फार थोडा, जेमतेम काही आठवड्यांचा असतो. पहाटेची वेळ निवडण्यामागेही तसेच साधे कारण आहे : रात्रभर उपाशी राहिलेले पक्षी थंड वेळी चारा शोधण्यास बाहेर पडतात, वारा पडलेला असल्याने आवाज दूरवर ऐकू येतात, आणि ऊन चढल्यावर पाण्यावर थरथरणारी हवा दुर्बिणीतील चित्र अस्पष्ट करते.

पहाटे उठून पक्ष्याकडे कान लावण्याची रीत मात्र दुर्बिणीपेक्षा कितीतरी जुनी आहे. महाराष्ट्रात पिंगळा हे नाव एका लहान, ठिपकेदार घुबडाला आहे आणि तेच नाव पहाटेच्या अंधारात दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या जोशालाही आहे. हातात कंदील आणि कुडमुडे, म्हणजे लहानसे डमरू, घेऊन येणाऱ्या या जोशाला पिंगळ्या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत होती, आणि संत एकनाथांच्या भारुडांतही हे पात्र आलेले आहे. भारद्वाजाचे दर्शन शुभ, टिटवीचे रात्रीचे ओरडणे अशुभ, कावळ्याची अंगणातील कावकाव पाहुण्याची वर्दी, असे शकुनाचे एक संपूर्ण शास्त्र लोकव्यवहारात रूढ होते. त्यातील फलज्योतिष बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, ती ही की त्यासाठी पक्षी आवाजावरून अचूक ओळखता येणे आवश्यक होते. पावशाची साद ‘पेरते व्हा’ अशी ऐकून शेतकरी पेरणीच्या तयारीला लागे, यातही ऋतू आणि पक्षी यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेला दिसतो.

याहून सूक्ष्म ज्ञान डोंगरातील वाड्यांमध्ये होते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कातकरी आणि धनगर यांच्या वस्त्या आहेत. कातकऱ्यांचे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या त्यांच्या जुन्या व्यवसायावरून पडलेले आहे, आणि जंगलावर अवलंबून असलेल्या या समाजाला पक्षी हे अन्न होते. फासा कोठे लावायचा हे ठरविण्यासाठी पक्षी कोणत्या वाटेने पाण्यावर येतो, कोणत्या वेळी येतो, एकटा येतो की जोडीने, आणि घरटे कोणत्या महिन्यात बांधतो हे ठाऊक असावे लागते. गलोलीच्या टप्प्यात येण्यासाठी त्याच्या सावधपणाची सीमा ठाऊक असावी लागते. पक्षिवर्तन या नावाने आज विद्यापीठांतून जे शिकविले जाते त्याचा मोठा भाग अशा रीतीने उपजीविकेच्या गरजेतून जमा झालेला होता. तो लिहिला गेला नाही आणि लिहिणाऱ्यांनी तो विचारलाही फार थोडा, ही या इतिहासातील खरी हानी आहे.

शिकारीच्या जोडीनेच न मारण्याचीही परंपरा येथे होती. रायगड किल्ल्याच्या परिसरात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातील खोल, बारमाही पाण्याचा खड्डा. तो वरदायिनी देवीचा मानला जातो, तेथील मासे कोणी पकडत नाही, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जशी कुऱ्हाड चालत नाही तसे या डोहात जाळे पडत नाही. ही बंदी माशांसाठी असली तरी उन्हाळ्यात न आटणारे, निर्धोक पाणी आणि काठची झाडी यांचा लाभ खंड्या, पाणकावळा यांसारख्या पक्ष्यांनाही होतो.

पक्ष्यांची लेखी यादी करण्याचे काम सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी असलेल्या विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. ती घाटमाथ्यापलीकडच्या देशाची होती. कोकणाच्या वाट्याला अशी सूची येण्यास आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. रत्नागिरी जिल्ह्यात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८८० मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हे नियतकालिक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम चालवीत असत, ज्यांचे नाव पुढे १८८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेशी जोडले गेले. रत्नागिरी जिल्ह्याची उत्तर सीमा सावित्रीच्या मुखाशी येऊन थांबते, त्यामुळे महाडचा मुलूख या यादीच्या अगदी उंबरठ्यावर राहिला.

त्या काळी यादी करणे म्हणजे पक्षी मारणे होते, हे आजच्या वाचकाने लक्षात घेतले पाहिजे. हातात धरून पाहता येईल अशी दुर्बीण दुर्मीळ, चित्रमय मार्गदर्शक पुस्तके नाहीत, आणि एखादी नोंद खरी मानली जाण्यासाठी नमुना सादर करावा लागे. म्हणून पक्षी बंदुकीने पाडून, त्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला स्थळ आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून तो संग्रहात ठेवला जाई. अशा कातड्यांवरच आजचे वर्गीकरण उभे आहे, त्यामुळे त्या पद्धतीला केवळ क्रौर्य म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला, की ज्याच्याकडे बंदूक, परवाना आणि रिकामा वेळ होता त्यालाच पक्ष्यांचा जाणकार म्हणून मान्यता मिळाली, आणि वाट दाखविणारा, नाव सांगणारा, पडलेला पक्षी झाडीतून शोधून आणणारा स्थानिक माणूस यादीबाहेर राहिला.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते, ही बाब मराठी वाचकांना पुरेशी परिचित नाही. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, तर सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे अभ्यासक आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, कुलाबा आणि जंजिरा यांवरील खंड निघाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे आणि ते नाव १९८१ पर्यंत चालले. कायदेही याच सुमारास आले : विणीच्या काळात रानपक्ष्यांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८८७ चा, पिसांच्या निर्यातीवरील बंदी १९०२ ची, आणि अधिक व्यापक कायदा १९१२ चा. विलायती टोप्यांवर खोवण्यासाठी बगळ्यांची विणीच्या हंगामातील नाजूक पिसे परदेशी जात असत आणि त्यासाठी वसंतातच त्यांची कत्तल होई, हे ध्यानात घेतले म्हणजे या बंदीचे महत्त्व कळते.

मारण्याकडून पाहण्याकडे झालेले वळण ज्या ठिकाणी स्पष्ट दिसते ते ठिकाण याच जिल्ह्यात आहे. इंग्लंडमध्ये एडमंड सेलस यांनी १९०१ मध्ये पक्षिनिरीक्षण याच नावाचे पुस्तक लिहून, बंदूक ठेवून द्यावी आणि दुर्बीण घ्यावी असा आग्रह धरला होता. भारतात ही दृष्टी रुजविली ती सालीम अली यांनी. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते १९३० मध्ये परतले तेव्हा त्यांच्यापाशी नोकरी नव्हती, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले आणि तेथे सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीवर त्यांनी चिकाटीने नजर ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो, आणि ती अंडी उबविण्यास बसली की दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे सुरू करतो, हा त्यांचा निष्कर्ष बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठीने ज्या पक्ष्याला सुगरण हे स्त्रीलिंगी नाव दिले त्याची विणकर बाजू नराची निघाली. एकाही पक्ष्याचा जीव न घेता, एका जागी बसून, दिवसामागून दिवस पाहून एवढे कळू शकते हा धडा कुलाबा जिल्ह्यातील एका खेड्याने दिला. सालीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्ये आले आणि त्याने दुर्बीण घेऊन चालणाऱ्यांच्या हाती ओळखीचे साधन दिले.

किहीममध्ये हे काम चालू असताना त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाडमध्ये, एका तळ्याच्या काठाचा दावा न्यायालयात प्रलंबित होता. चवदार तळे हा मुळात नैसर्गिक, थोडा खोदून वाढविलेला, पावसाच्या आणि काही झऱ्यांच्या पाण्यावर भरणारा, चार ते पाच एकरांचा जलाशय आहे. पाणी गोड म्हणून ते चवदार. भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. या पाण्यावर गुरे येत, पक्षी येत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र येता येत नसे. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचे ठरविले, तरी कागदावरचा ठराव काठापर्यंत पोहोचला नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिची उभारणी करण्यात रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता, आणि अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण सहकारी तिच्यासोबत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागून सुमारे अडीच हजार माणसे शिस्तीने रांगा करून परिषदेच्या मंडपातून तळ्याकडे चालत गेली, काठावर उतरली आणि त्यांनी पाणी प्यायले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची खोटी अफवा पसरवून परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण करण्यात आली, आणि तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून ते परत ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा दाखल झाला. आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन वहिवाट सिद्ध होत नाही असे सांगून अपील फेटाळले. तळ्याकडे चालत जाण्याचा एक दिवस आणि काठ कायद्याने मोकळा होण्याचा दिवस यांत तीन दिवस कमी दहा वर्षे गेली.

पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात या घटनेला स्थान देणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि तळ्याकाठची सामूहिक फेरी ज्या गृहीतावर उभी असते ते गृहीत असे, की तळे सार्वजनिक आहे आणि त्याच्या काठावर कोणीही, कोणाच्याही शेजारी, विनाकारण उभा राहू शकतो. महाडमध्ये हे गृहीत निसर्गाने दिलेले नव्हते. ते ठरावाने मांडले गेले, चालून मिळविले गेले, मार खाऊन टिकविले गेले आणि निकालपत्रात उतरले. महाडच्या इतिहासात वसंतातील सर्वांत थोर जलफेरी हीच होय, आणि तिचे ऋण मान्य न करता या गावातील कोणत्याही पाण्याकाठी निवांत उभे राहता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा १९५१ मध्ये झाला, देशव्यापी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये. दरम्यान १९६८ मध्ये याच जिल्ह्यातील कर्नाळा हे पक्षी अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्रातील पक्षिमित्रांची संमेलने १९८० च्या दशकात सुरू झाली आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने पक्ष्यांची मराठी नावे छापील भाषेत स्थिरावली. इंग्रजी नावांच्या मागे न लागता वंचक, अडई, कमळपक्षी, टिबुकली अशी हाक मारत काठावरून चालणे त्यामुळे शक्य झाले. सालीम अली आणि चितमपल्ली यांचे जन्मदिवस जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला.

महाडच्या बाबतीत या चळवळीला जे वळण मिळाले ते गिधाडांमुळे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे विलक्षण वेगाने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. महाडमधील सिस्केप या संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे उरलेल्या गिधाडांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. मेलेली जनावरे त्यांना खाद्य म्हणून मिळावीत अशी व्यवस्था केली, घरट्यांची नोंद ठेवली आणि गावकऱ्यांना त्यात सामील करून घेतले. येथे निरीक्षण हा छंद राहत नाही. घरटे किती, त्यांतील पिल्ले किती उडाली, हे दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच झाडांखाली जाऊन मोजावे लागते, आणि ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. ज्या गावकऱ्यांच्या ज्ञानाला १८८० च्या यादीत जागा नव्हती त्यांच्यावाचून ही नोंद पुरी होत नाही, हा बदल लहान नाही.

पाण्याचे स्वरूपही दरम्यान बदलले. पोलादपूरजवळचे रानबाजिरे, महाड तालुक्यातील कोथुर्डे अशी धरणे झाली आणि पूर्वी नव्हते असे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. गावतळ्यांना दगडी किंवा सिमेंटचे उभे काठ आले. उभ्या काठाच्या तळ्यात बुडी मारणारी टिबुकली आणि पाणकावळा किंवा वरून झेप घेणारा खंड्या यांचे भागते, परंतु उथळ कडेच्या चिखलात पाय रोवून चरणाऱ्या तुतारीला किंवा तरंगत्या पानांवर चालणाऱ्या कमळपक्ष्याला तेथे आधार उरत नाही. म्हणून तळ्याची डागडुजी करताना निदान एक बाजू उतरती आणि मातीची ठेवणे आवश्यक आहे. गुरांना, माणसांना आणि पक्ष्यांना सारख्याच उपयोगी पडणारी ही गोष्ट आराखडे करणाऱ्यांच्या सहज ध्यानात येत नाही.

उतरता, मातीचा आणि कोणीही न बांधलेला काठ या परिसरात आज मुख्यतः दासगावच्या खाली, खाडीच्या बाजूला मिळतो, आणि तेथे जाण्याची वेळ घड्याळापेक्षा पंचांगावरून ठरते. कोकणातील खलाशांचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ निघते : अष्टमीला सहा, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या सुमारास. भरती बाराला म्हणजे ओहोटी पहाटे सहाला, आणि खाडीत आत जावे तसा तिला थोडा उशीर होतो. दासगाव बंदरातून गलबते याच हिशोबाने हाकारली जात असत. फाल्गुनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, होळीची राख अजून ऊन असताना, सूर्य वर येईपर्यंत खाडीचा चिखल दूरवर उघडा पडतो, आणि उत्तरेकडे निघण्याच्या बेतात असलेल्या तुताऱ्या त्यावर चरताना दिसतात.